रुपेरी पडद्यावरील सर्वस्वदान

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, भोजनोत्तर, व्याख्यान देण्याचे काम मजकडे आले आहे. ही वेळ वक्त्याच्या परीक्षेची असते, हे ३६ वर्षे दुपारचे तास घेतलेल्या शिक्षकास कोणी सांगावयास नको. विषय कोणता घेणार असे कार्यवाहांनी विचारले तेव्हा मी ‘हिंदी चित्रपट आणि दानधर्म’ असे कळविले. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. निवृत्त शिक्षकाकडून गीतेवर किंवा शिस्तीवर चार शब्द ऐकावेत अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती स्वाभाविक आहे.

मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचा माणूस. १९७५ साली मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. चित्रपटांचा मी अभ्यासक नव्हे. तरीसुद्धा जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून, पुढे तालुक्याच्या टॉकीजमध्ये आणि आता घरात बसल्या जागी, असे मिळून पन्नासाहून अधिक वर्षे मी हिंदी चित्रपट पाहात आलो आहे. आपणांपैकी पुष्कळांचे असेच असेल. पोथीपुराणे आपल्या आजोबांनी ऐकली. आपण मात्र औदार्य, त्याग, परोपकार ह्या शब्दांचे अर्थ बऱ्याच अंशी पडद्यावरून शिकलो. म्हणून एक गोष्ट तपासून पाहावी असे मनात आले. मोठे धन देऊन टाकणारा मनुष्य हिंदी चित्रपटाने आपणांस कसा दाखविला, आणि त्या चित्राने आपल्या हाताला, विशेषतः ह्या मंडळाच्या हाताला, कोणते वळण लागले?

आपल्या देशाचा चित्रपट मुळी सर्वस्वदानाच्या कथेतूनच जन्मास आला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. वचनासाठी राज्य देऊन टाकणाऱ्या राजाची ती कथा. पुढे कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३२ साली आपला पहिला बोलपट काढला, तोही हाच. मराठीत ‘अयोध्येचा राजा’, हिंदीत ‘अयोध्या का राजा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मूकपटाचा प्रारंभ हरिश्चंद्राच्या नावाने झाला आणि प्रभातच्या बोलपटाचाही. त्या काळच्या मंडळींना लोकांच्या अंतःकरणाची नाडी बरोबर सापडली होती. आपल्या लोकांस मिळविणाऱ्यापेक्षा देऊन टाकणारा अधिक आवडतो. गांधीजींनीही आपल्या आत्मचरित्रात लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाचा आपल्या मनावर किती खोल ठसा उमटला ते सांगितले आहे.

आता थोडे शिक्षकी पद्धतीने पाहू. हरिश्चंद्राने काय काय दिले? प्रथम राज्य दिले. ते त्याचे होते, तेव्हा दिले हे योग्यच. पण दानावर दक्षिणा उरली, आणि ती देण्यासाठी हाती काही नव्हते. तेव्हा त्याने काशीच्या बाजारात तारामतीला आणि रोहिदासाला विकले, आणि मग स्वतःला. मुलांना ही कथा सांगताना मी नेहमी विचारीत असे की, दक्षिणा कोणी दिली? सारा वर्ग एकमुखाने “हरिश्चंद्राने” असे म्हणे. एका वर्षी मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, तारामतीने.” हे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हते. मी तिला पूर्ण गुण दिले.

ह्या दृष्टीने त्या दोन चित्रपटांकडे पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. १९१३ च्या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केले, कारण त्या कामासाठी स्त्री मिळाली नाही. मूकपट असल्यामुळे तारामतीला वाणी नव्हती ती नव्हतीच. १९३२ साली दुर्गाबाई खोटे ह्यांनी ती भूमिका केली. तारामतीला स्त्रीचे मुख आणि स्त्रीचा आवाज मिळावयास एकोणीस वर्षे जावी लागली. राजाला मात्र पहिल्या दिवसापासून मध्यभागी स्थान होते.

आणि पडद्याच्या मागेही असेच होते. चित्रपटासाठी फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, हे आपण कौतुकाने वाचतो. त्याच वेळी सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. चित्रपटात काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत, चित्रफितीवरील कामातही मदत करीत. देशाच्या पहिल्या चित्रपटातील दात्याची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके ह्यांनी केली असे पुस्तकात लिहिलेले आहे. माझ्या मते त्या चित्रपटातील खरे दान सरस्वतीबाईंचे, आणि त्या पडद्यावर कोठेच नाहीत. दादासाहेबांना मी कमी लेखतो आहे असे कृपया समजू नये. त्यांनी स्वतःचे डोळे आणि प्रकृती ह्या कामी झिजविली. एवढेच म्हणावयाचे आहे की, दात्याच्या हातून जे जाते ते पुष्कळदा त्याच्या एकट्याचे नसते, आणि चित्रपट हा हिशेब दाखवीत नाही.

हे पुराण कशासाठी, असे कोणी म्हणेल. माझ्या पाहण्यातील गोष्ट सांगतो. एक सज्जन गृहस्थ, माझ्याच पेशातले, निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या रकमेचा बराच मोठा भाग त्यांनी एका देवस्थानास चांदीच्या दारासाठी दिला. मोठा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, वाद्ये. दारावर नाव कोरले गेले. चार वर्षांनी ते वारले. त्यांची पत्नी पुढे सहा-सात वर्षे पापड-कुरडया लाटून घर चालवीत होती. त्या बाई देवळात जात तेव्हा त्या दाराशी क्षणभर थांबत, हे मी पाहिले आहे. ही रक्कम देताना त्यांना कोणी विचारले होते काय? देवस्थानाने विचारले नाही, समारंभास जमलेल्या आम्हा मंडळींनी विचारले नाही. आम्ही टाळ्या वाजविल्या. हरिश्चंद्र पाहून आलेल्या माणसांच्या त्या टाळ्या होत्या.

स्वातंत्र्यानंतरच्या हिंदी चित्रपटात राजे गेले आणि शेठ आले. श्रीमंत मनुष्य म्हणजे काळाबाजारवाला, आणि त्याचे धन म्हणजे कोणाच्या तरी घामाचे, हे गृहीत धरूनच कथा रचली जाऊ लागली. तेव्हा देऊन टाकणे ह्याला नवा अर्थ आला. ते जणू अंग धुणे झाले. नायक चुकून श्रीमंत होतो, अखेरीस सारे टाकून पूर्वीच्या फाटक्या कपड्यांत मार्गस्थ होतो, आणि दिवे लागतात. पुढे तस्करांचे आणि टोळीनायकांचे चित्रपट आले. तेथे तर लुटीचा पैसाही गोरगरिबांना वाटला की पवित्र होऊ लागला. १९८८ साली असाच एक चित्रपट आला, त्याचे नावच मुळी ‘दयावान’. ह्या प्रकाराविषयी अधिक बोलण्याची इच्छा नाही. आपल्या गावोगावच्या फलकांवर असे दयावान पुरेसे दिसतात.

त्याच वर्षीचा ‘मालामाल’ मात्र गमतीचा आहे. त्यात नसीरुद्दीन शहा ह्यांच्या नायकाला ३०० कोटींचा वारसा मिळावयाचा आहे, पण अट अशी की त्याआधी ३० दिवसांत ३० कोटी रुपये खर्चून दाखवावेत. बिचारा पैसा उधळावयास जातो आणि तो काही केल्या संपत नाही. आपले सुनील गावसकरही त्यात एका प्रसंगात दर्शन देऊन जातात. तरुण मंडळींनी केवळ हसण्यासाठी तो पाहावा. मला तो आवडला तो ह्यासाठी की, पैसा हातावेगळा करणे हे एक काम आहे, त्याला डोके आणि वेळ लागतो, हे त्याने चेष्टेत का होईना सांगितले. एरवी आपला नायक अर्ध्या मिनिटात कागदावर सही करून मोकळा होतो.

‘शराबी’ हा १९८४ चा चित्रपट मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. प्रकाश मेहरा ह्यांचा. लोक त्यातील अमिताभ बच्चन ह्यांच्या संवादांसाठी तो पाहतात. नायक विकी हा अमरनाथ नावाच्या धनाढ्य उद्योगपतीचा एकुलता मुलगा. पिता प्राण. मुलासाठी पित्याजवळ पैसा अमाप, वेळ मात्र नाही. मुलाला वाढविले ते मुनशी फूलचंदने. ते काम ओमप्रकाश ह्यांनी केले आहे. मुलगा मोठा होतो, मद्यपी होतो आणि पित्याचे धन गोरगरिबांवर मुक्तहस्ताने उधळतो. लेखकाची सहानुभूती उघड उघड मुलाकडे आहे, प्रेक्षकांचीही. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण माझे लक्ष सारखे त्या मुनशीकडे जात राहिले. मुलगा जे वाटतो ते त्याने मिळविलेले नाही. पित्याने मुलाला जे दिले ते त्याला द्यावयास सोपे होते. मुनशीने दिली ती आयुष्यातील वर्षे, आणि तीही दुसऱ्याच्या मुलाला. चित्रपटात तो वारतो. प्रेक्षक डोळे पुसतात आणि घरी आल्यावर संवाद मात्र विकीचे म्हणतात. औदार्य म्हणजे नोटा हवेत उडविणे ही कल्पना आपल्या लग्नांच्या वरातीत कोठून शिरली, ह्याचा शोध फार दूर करावयास नको.

आता पडद्याबाहेर येऊ. प्रभातचा हरिश्चंद्र ज्या वर्षी बोलू लागला, त्याच १९३२ साली सर दोराबजी टाटा ह्यांनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती एका न्यासाच्या हवाली केली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. त्यांच्या पत्नी मेहेरबाई आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी दिलेल्या संपत्तीत मेहेरबाईंसाठी घेतलेला ज्युबिली नावाचा हिरा होता, जो आकाराने कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. पुढे तो विकला गेला. त्या न्यासाने १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली आणि १९४१ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे केले.

ह्या सभागृहात असे घर विरळा, की ज्यातील कोणी ना कोणी परळच्या त्या इमारतीच्या पायऱ्या चढलेले नाही. रांगेत उभे राहताना, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरताना, दोराबजींचे नाव कोणाच्या मनातही येत नाही. त्याची आवश्यकताही नाही. हिरा गळ्यात घालणारी स्त्री, तिचे आजारपण, पतीने सर्व काही लिहून देणे, आणि नऊ वर्षांनी त्याच रोगाच्या उपचारासाठी दार उघडणे, इतकी हृदयद्रावक कथा असूनही आपल्या लोकप्रिय चित्रपटाच्या साच्यात ती बसत नाही. कारण तिच्यातील मुख्य काम सहीनंतर सुरू होते. विश्वस्त नेमणे, हिरा योग्य किमतीला विकणे, वर्षानुवर्षे हिशेब ठेवणे. ह्यात टाळ्यांची जागा कोठे आहे?

सहीनंतरच्या कामाचे दुसरे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. रायगड जिल्ह्यातील गागोद्याचे विनोबा १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्लीस पोहोचले, तेथील भूमिहीनांनी जमीन मागितली आणि एका जमीनदाराने सभेतच १०० एकर देऊ केली. चित्रपटातही इतका सुंदर प्रसंग कोणी लिहिला नसता. पुढील वर्षांत देशभर ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. प्रत्यक्ष वाटप मात्र त्याहून फारच कमी झाले. काही जमीन पडीक निघाली, काही वादातील, काहींच्या वारसांनी हात आखडला. दानपत्रावर अंगठा उठविणे हा एक दिवस. मोजणी होऊन भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर चढणे हे पुढचे दशक. विनोबांच्या तपाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. म्हणूनच हे बोलतो. पायी चालणारा ऋषी मिळाला, कागद घेऊन कचेरीत बसणारे कारकून पुरेसे मिळाले नाहीत.

आतापर्यंत आपण देणाऱ्याकडेच पाहिले. घेणाऱ्याचे काय? हिंदी चित्रपटात घेणारा हा बहुधा गर्दीतील एक चेहरा असतो. हात जोडतो, आशीर्वाद देतो आणि नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी काय झाले हे कॅमेरा पाहावयास जात नाही. मला आठवणारे अपवाद दोनच, आणि दोन्ही मोलाचे.

पहिला ‘दीवार’मधील. मी मॅट्रिक झालो त्या वर्षीचा हा चित्रपट. पोलीस अधिकारी रवी एका पळणाऱ्या चोराच्या पायावर गोळी झाडतो आणि जवळ जाऊन पाहतो तो एक पोर, हातात पाव. मग हा भल्या मनाचा अधिकारी खाद्यपदार्थ घेऊन त्या पोराच्या घरी जातो. आई संतापते, नाही नाही ते बोलते. बाप तिला आवरतो आणि म्हणतो की चोरी लहान असो वा मोठी, ती चोरीच. हा बाप निवृत्त शिक्षक आहे, ए. के. हनगल ह्यांनी ते काम केले आहे. त्या वेळी मला शिक्षकाची भाषा आवडली होती, आणि ह्या पेशात येण्यास तिचाही थोडा हातभार लागला असेल. आता वय झाल्यावर मला त्या आईचा संतापही तितकाच खरा वाटतो. ह्या प्रसंगात देणाऱ्याची मान खाली आहे. आपल्या चित्रपटांत हे दृश्य क्वचित दिसते.

दुसरा अपवाद आशुतोष गोवारीकर ह्यांच्या २००४ च्या ‘स्वदेस’मधील. त्यातील गावाचे बरेचसे चित्रण आपल्या वाईजवळच्या मेणवलीस झाले, घाट पाहताच ओळखू येतो. अमेरिकेत नोकरी करणारा मोहन हा शिक्षिका गीतेच्या जमिनीचा खंड वसूल करण्यासाठी हरिदास नावाच्या कुळाकडे जातो. हरिदास मूळचा विणकर. तो धंदा बसला म्हणून शेतीकडे वळला, तर गावाने त्याला पाणी दिले नाही. मोहन पैसे घ्यावयास गेलेला, आणि ते उपाशी घर त्याला जेवू घालते. तो रिकाम्या हाताने परततो. वाटेत एका स्थानकावर गाडीच्या खिडकीशी एक मुलगा मातीच्या भांड्यातून पाणी विकत असतो, पंचवीस पैशाला. तोपर्यंत बाटलीबंद पाणीच पिणारा मोहन ते पाणी घेतो. ह्या साऱ्या प्रसंगात मोहन कोणाला काहीही देत नाही. घेतो तो तोच. पुढे गावाला वीज मिळते ती त्याच्या ज्ञानाने आणि गावकऱ्यांच्या श्रमाने. सही करण्याचा प्रसंग चित्रपटात नाहीच. कदाचित म्हणूनच तो त्या वेळी तिकीट खिडकीवर फारसा चालला नाही.

हे सांगण्याचे कारण आता स्पष्ट करतो. आणि येथून पुढचे बोलणे थोडे अप्रिय वाटल्यास वयाकडे पाहून क्षमा असावी.

आपले मंडळ गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य देते. दरवर्षी ह्याच व्यासपीठावर त्यांची नावे पुकारली जातात, ते एकेक वर येतात, दात्यांच्या हस्ते पाकीट घेतात, वाकून नमस्कार करतात आणि छायाचित्र काढले जाते. पुढे ते छायाचित्र ‘साहाय्य घेताना गरजू विद्यार्थी’ अशा ओळीसह स्मरणिकेत येते, म्हणजे हे भाषण ज्या पानांवर छापले जाईल त्याच पानांच्या शेजारी. तीन वर्षांपूर्वी एका मुलीचे नाव दोनदा पुकारले, ती आली नाही. बारावीस उत्तम गुण मिळविलेली मुलगी. पाकीट परत कोषाध्यक्षांकडे गेले. तिची गरज संपली असावी, असे कोणीसे म्हणाले.

साहाय्य समितीवर असल्यामुळे मी तिच्या घरी गेलो. वडील एका दुकानात हिशेबनीस, आई शिवणकाम करते. आईने शेजारून दूध आणून चहा केला. मुलगी प्रथम बोलेना. मग तिने कपाटातून आदल्या वर्षीची स्मरणिका काढून माझ्यासमोर ठेवली. छायाचित्रात ती होती. ती म्हणाली, “गुरुजी, पैसे नकोत असे नाही. हे पान आमच्या वर्गात फिरले. पुन्हा वर यावयाचे नाही, इतकेच.” त्या वर्षी तिने सायंकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या. आणखी एक गोष्ट तिच्या वडिलांनी अगदी सौम्यपणे सांगितली. महाविद्यालयाचे शुल्क जून-जुलैत भरावे लागते. आपले संमेलन भरते डिसेंबरात. मधले पाच-सहा महिने लोक उसनवारी करतात, आणि मंडळाचे पाकीट बहुतेक वेळा ती फेडण्यात जाते. म्हणजे आपण साहाय्य करतो ते सावकाराला, असे तेच हसून म्हणाले. आम्हा समितीच्या कोणाच्याही ध्यानात हे आले नव्हते, कारण आमचे सारे वेळापत्रक समारंभावरून बेतलेले.

दात्यांच्या नावांना माझा विरोध आहे असा ग्रह कृपया होऊ नये. नावाची इच्छा ही मनुष्यस्वभावातील गोष्ट आहे आणि तिने पुष्कळ इमारती उभ्या केल्या आहेत. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठास आपल्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव लावले. कर्व्यांनी ते आनंदाने स्वीकारले. शंभराहून अधिक वर्षे झाली, लक्षावधी मुलींच्या प्रमाणपत्रांवर एका मातेचे नाव आहे. त्यात कोणत्याही मुलीची मान खाली गेली नाही. देणाऱ्याचे नाव भिंतीवर खुशाल लिहावे. घेणाऱ्याचे छापण्याचे कारण मला दिसत नाही.

आणखी एका चित्रपटाचे नाव घेतो आणि थांबतो. राज कपूर ह्यांचा ‘श्री ४२०’, १९५५ चा. त्यात सोनाचंद धर्मानंद नावाचा शेठ आहे. सोने आणि धर्म दोन्ही एकाच नावात बसविणाऱ्या लेखकाचे कौतुक वाटते. केवळ शंभर रुपयांत पक्के घर, अशी योजना काढून तो पदपथावर राहणाऱ्यांकडून पैसे गोळा करतो. कोणी भांडी विकून, कोणी पोटाला चिमटा घेऊन शंभर रुपये आणतो. हिंदी चित्रपटात प्रचंड संपत्ती गरिबांनी जमविलेली मला येथेच दिसली. तो पैसा दानाचा नव्हता, विश्वासाचा होता, आणि म्हणून त्याचा अपहार अधिक घोर वाटतो.

आपल्या साहाय्य निधीचे वर्गणीपुस्तक मी ह्या वर्षी चाळले. मोठ्या देणग्या मोजक्या आहेत. बाकी रकाने ५१, १०१, २५१ अशा आकड्यांनी भरलेले आहेत. पुष्कळ नावे विधवा भगिनींची आणि निवृत्तांची. एका बाईंनी तर सलग बावीस वर्षे दर दिवाळीला रक्कम पाठविली आहे, एकही वर्ष चुकविलेले नाही, आणि त्यांना आपण व्यासपीठावर एकदाही बोलाविलेले नाही. हा निधी कोण्या हरिश्चंद्राचा नव्हे, शंभर रुपयेवाल्यांचा आहे. त्याचा जमाखर्च स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात न छापता पहिल्या पानांत, वाचता येईल अशा अक्षरात छापावा, ही त्यांच्याविषयी कमीत कमी रीत आहे.

ह्याकरिता येत्या सर्वसाधारण सभेत मी एक लेखी ठराव मांडणार आहे. साहाय्याचे अर्ज मार्चअखेर घ्यावेत, निर्णय मेमध्ये व्हावा आणि रक्कम जूनमध्ये थेट महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यावर भरावी. विद्यार्थ्याचे नाव समितीच्या तिघांपलीकडे कोणास कळू नये. स्मरणिकेत संख्या आणि रक्कम तेवढी यावी, छायाचित्र येऊ नये. पन्नास हजारांवरील देणगी स्वीकारताना दात्याच्या पत्नीची अथवा पतीची संमतीची सही घ्यावी. हे तिसरे कलम ऐकून आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, “मास्तर, अशाने देणग्या बंद होतील,” असे बजावले आहे. त्यांच्या सौभाग्यवती शेजारीच बसल्या होत्या, त्या मात्र काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि मला दुसऱ्यांदा चहा मिळाला.

ठरावाचा मसुदा बाहेर स्वागतकक्षाच्या टेबलावर ठेवला आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा अद्याप मोकळी आहे, आणि लेखणी बाजूलाच ठेवलेली आहे.